शीत कटिबंध

विनिपेग,
१८ नोव्हेंबर २०२४

मयुरीच्या बाबांले भागीरथाचा जयभीम.

फोनवर तुमाले आयकू येत नाई. कानातलं मशीन शिट्टी मारते, मंग तुमी नुसतं 'हां हां' करता अन् फोन ठेवून देता. म्हणून पत्र लिहून राह्यली. दुसरं म्हणजे, फोन लावला का जावई अंकित बाजूले येऊन बसते. कागदाजवळ कोणी येऊन बसत नाई.

लेकरू चांगलं हाय, तुमच्यासारखं कपाळ हाय. मयुरीचे ऑपरेशनचे टाके वाळले, पण ती अजून वाकून चालते. मी तिले डिंकाचे लाडू करून देते. अंकित म्हणते, घरभर तुपाचा वास सुटते. सुटू दे म्हटलं.

आता या देशाबद्दल. आपल्या इकडचे लोक कॅनडा कॅनडा करतात ना, त्यांले एक दिवस इथल्या बसस्टॉपवर उभं केलं पाह्यजे. नाकातलं पाणी नाकातच गोठते. मी धुतलेला दुपट्टा गॅलरीत वाळू घातला, तर तो पापडासारखा कडक झाला. झाडाले पान नाई, रस्त्यावर माणूस नाई, कुत्र्याच्या पायात मोजे. याले हे लोक देश म्हणतात.

मयुरीनं माझं नाव लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात टाकलं. नव्या आलेल्या बाया येतात तिथं. पंजाबची जसबीर माझ्या बाकावर बसते, तिची हिंदी मले समजते. मंगळवारी मास्तरनीनं फळ्यावर थंडीचे शब्द लिहिले. कोल्ड, चिली, निपी, फ्रॉस्टी, आयसी, फ्रीझिंग, बिटर, बायटिंग, फ्रिजिड. मी मराठीत लिहून घेतले. एका थंडीले एवढे शब्द, अन् भाजी पाहाल तर उकडलेला बटाटा. मास्तरीन म्हणे, समद्यांचा अर्थ जवळपास सारखाच. मले पटलं नाई. सारखा असता तर एकाच शब्दात भागलं असतं.

तुमी रोहण्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. मले नाई शिकवलं. मी 'टेसन' म्हटलं का तुमी पाहुण्यांसमोर हसत होते. आता शिकवा. कोणता शब्द कुठं लावावा ते लिहून धाडा.

भागीरथा


रोहणा, ता. आर्वी,
९ डिसेंबर २०२४

भागीरथा, जयभीम.

पत्र मिळाले. शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनने खुणा करायला घेतल्या, दुसऱ्या पानावर तो नाद सोडला.

प्रथम हे लक्षात घे की समानार्थी म्हणजे एकाच मापाचे नव्हे. हे तुझ्या मास्तरणीला ठाऊक नसेल तर तिने वर्ग बंद करून लोकर विकावी. चिली म्हणजे साधा गारवा. मिरचीशी त्याचा संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो कारण तू तो लावशील. निपी हा बोलण्यातला हलका शब्द, लिहिण्यात नको. फ्रॉस्टी म्हणजे दव गोठते तेवढी थंडी. फ्रीझिंग त्याच्या पुढची, पाणी गोठवणारी. बायटिंग हे वाऱ्याला लावतात, तो चावतो म्हणून. बिटर हे कडाक्याच्या थंडीला, जी सोसवत नाही तिला. आयसी म्हणजे बर्फासारखे. हा शब्द माणसाच्या नजरेला आणि आवाजालाही लावतात, पण ते वरच्या इयत्तेचे आहे, तुझ्या कामाचे नाही. फ्रिजिड हा भूगोलातला शब्द. फ्रिजिड झोन म्हणजे शीत कटिबंध, ध्रुवाजवळचा प्रदेश, जिथे काही उगवत नाही. एवढे तुला पुरे.

एक सूचना. अंकितरावांच्या मित्रमंडळीसमोर हे शब्द वापरायला जाऊ नकोस. तो मुलगा सेलूसारख्या गावातून स्वतःच्या हिमतीवर तिथे गेला आहे. सासूच्या इंग्रजीने त्याची मान खाली जायला नको.

परवा बंडूजी आले होते, संत्र्यांची पिशवी घेऊन. पाच वाक्ये बोलले, त्यात तीनदा कॅनडा. मुलाच्या घरात खोल्या किती, गाडीची सीट कशी गरम होते, सगळे ऐकवले. नात झाली म्हणून त्यांना आनंद झाल्याचे मात्र दिसले नाही. व्याही आहेत म्हणून चहा पाजला, नाहीतर फाटकातूनच वळवले असते.

तूर फुलावर आहे. मी जेवतो वेळेवर.

श्रावण


विनिपेग,
३० डिसेंबर २०२४

मयुरीच्या बाबांले जयभीम.

तुमचं पत्र वाचून मयुरी हसली. लय दिवसांनी हसली, म्हणून मी तुमच्या लाल पेनाचा राग धरला नाई.

तुमी 'आयसी' वरच्या इयत्तेत ठेवला. मले तोच घरात कामी पडून राह्यला. तुमचा जावई मयुरीशी बोलतच नाई. 'मीठ दे' हे सुद्धा माझ्याकडे पाहून म्हणते. लेकरू रडलं तर कानात बटणं घालून घेते. पोट्टी झाली म्हणून का दुसरं काही, मले अजून उमगलं नाई.

अन् घर गरम करायची मशीन त्याच्या मोबाईलमध्ये हाय. कामावर गेला का तिकडूनच कमी करून टाकते. बाहेर उणे तीस, अन् आमी दोघी मायलेकी कोट घालून भाजी चिरतो. लेकराले मी माझ्या पोटाशी बांधून ठेवते. मयुरीले म्हटलं, त्याले फोन लाव. ती म्हणाली, "आई, लावला तर तो अजून कमी करते."

आता ज्यासाठी पत्र लिहाले बसली ते सांगते. नाताळच्या सुट्टीत त्याचे दोस्त जेवाले आलते, चार जण, बायका घेऊन. मी वरण-बट्टी केली. समदे चाटून पुसून जेवले. मयुरी ओट्याशी वाढत होती. कोणी तरी हसत विचारलं, दोघांचं कसं काय चाललं. अंकितनं तिच्याकडे मान केली अन् इंग्रजीत म्हणाला, "शी इज फ्रिजिड." एक माणूस हसला. बाकीच्या बाया ताटात पाहत राह्यल्या. मयुरीचा हात भांड्यावरच थांबला.

त्याले वाटलं, या बुढीले काय समजते. पण तो शब्द मी त्या मंगळवारी वर्गात शिकलेलाच होता.

रातच्याले भांडी घासताना मी तिले विचारलं. ती म्हणाली, "थंडीबद्दल बोलला आई, काही नाई." थंडीबद्दल असतं तर बायांनी माना काऊन खाली घातल्या? मी पोरीच्या कपाळाले हात लावून पाह्यला, गळ्याले लावून पाह्यला. अंग गरम होतं तिचं.

तुमी लिहिलं का तो भूगोलातला शब्द हाय. मंग माणसाले लावतात का? बाईले लावला तर काय होते? सरळ लिहा.

भागीरथा


रोहणा,
१७ जानेवारी २०२५

भागीरथा, जयभीम.

तू ऐकण्यात चूक केलीस. नऊ शब्द शिकून तू इंग्रजी संभाषण समजायला लागलीस, हा तुझा गैरसमज आहे. ते लोक भराभर बोलतात, शब्द एकमेकांत मिसळतात, मलाही कधी कधी नीट कळत नाही. अंकितराव 'फ्रिज इट' म्हणाले असतील. म्हणजे उरलेले अन्न फ्रिजमध्ये ठेव. जेवण चालू होते, मयुरी ओट्याशी होती, अर्थ बरोबर जुळतो.

फ्रिजिड हा शब्द प्रदेशाला लावतात. माणसाला लावत नाहीत. याविषयी तिथे कुणाला विचारत बसू नकोस, तुझ्या मास्तरणीला तर नाहीच. घरातली गोष्ट परक्या बायांच्या वर्गात नेली की आपणच हलके होतो.

उष्णता कमी ठेवण्यालाही काही कारण असेल. तिकडे लोक वीज जपून वापरतात. आपल्यासारखे अंगणात शेकोटी करून बसत नाहीत. स्वेटर घाला.

नव्या आईचे मन या दिवसांत हळवे असते, तू तिच्या मनात भलते काही भरवू नकोस. मला वाटते तू तो वर्ग आता सोडावास. लेकराकडे लक्ष दे.

इथे पारा दहावर आला आहे. मी दोन दिवस बाहेर पडलो नाही. झोप लागत नाही.

श्रावण


विनिपेग,
६ फेब्रुवारी २०२५

श्रावणजी,

जयभीम लिहायची इच्छा नव्हती, पण ते तुमच्या एकट्याचं नाई म्हणून लिहिते. जयभीम.

तुमी नको म्हटलं म्हणूनच मी मास्तरनीले विचारलं. तुमचं 'फ्रिज इट' मी चार वेळा वाचलं. त्या दिवशी बट्टीचा एक तुकडा उरला नव्हता, फ्रिजमध्ये काय ठेवाले सांगते तो? तुमाले खोटं बोलता येत नाई. येत असतं तर एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

वर्ग सुटल्यावर मी तिले म्हटलं, "वुमन फ्रिजिड, व्हॉट?" तिनं आधी दार लावलं. मंग विचारलं, हे कोणी म्हटलं. मी म्हटलं, सन-इन-लॉ. तिनं जसबीरले सांगतलं, अन् जसबीरनं मले हिंदीत, हळू आवाजात. नवऱ्याजवळ जी बाई गार पडते, जिले त्याचं काही वाटत नाई, तिले असं म्हणतात. जसबीर म्हणाली, "दीदी, ये गाली है. डॉक्टर लोगों ने भी ये बोलना छोड़ दिया."

तुमाले माहीत होतं. डिक्शनरी तुमची उशाशी असते. पोरीले चार माणसांत नागवं केलं, अन् बाप मले शीत कटिबंध शिकवते.

घरी येऊन मयुरीले म्हटलं, मले अर्थ समजला. तेव्हा ती बोलली. तिचे टाके ओले होते तेव्हापासून त्याची घाई. डॉक्टरनं थांबा म्हटलं, त्यानं डॉक्टरले मूर्ख म्हटलं. तिनं हात बाजूले केला, तेव्हापासून हा शब्द. दोस्तांत हाच, फोनवर हाच. सेलूलेही त्यानं कळवलं. तुमचे ते संत्रीवाले बंडूजी त्याले काय म्हणाले माहीत हाय? "उन्हाळ्यात घेऊन ये अन् रोहण्याले ठेवून जा. मास्तर काही बोलणार नाई." हे मयुरीनं स्वतःच्या कानानं आयकलं. संत्री घेऊन तुमच्या ओसरीत बसला तेव्हा त्याच्या पोटात हे होतं.

संध्याकाळी अंकित आला. घर गारच होतं. मी म्हटलं, मशीन वाढव. तो इंग्रजीत काही पुटपुटला. मंग मी त्याच्यापुढे उभी राह्यली अन् म्हटलं, "हाऊस फ्रिजिड. यू फ्रिजिड. माय डॉटर, नो."

तो हसला. म्हणे, "आई, तुमाले त्याचा अर्थ माहीत नाई."

मी म्हटलं, "माहीत हाय, म्हणूनच म्हटलं."

मंग नाई हसला. मशीन वाढवली नाई, पण हसला नाई. हातात महागडा फोन, अंगावर पिसाचा कोट, अन् बाळंतिणीले गारठवून जिंकाले पाहते. असा माणूस मी आपल्या अख्ख्या तालुक्यात पाह्यला नाई.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला अन् आमी निघालो. जसबीरच्या घराखाली दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिचा पोट्टा गाडी घेऊन आला. मयुरीनं फक्त आपले कपडे, लेकराचे कपडे अन् कागदपत्रं घेतले. लग्नातलं काही घेतलं नाई. मी म्हटलं, राहू दे, त्याले पाहत बसू दे.

आता तुमी सेलूले जा. तो शब्द त्या घरात सांगून या. नाई जमलं तर मले पत्र लिहू नका.

भागीरथा


रोहणा,
१ मार्च २०२५

भागीरथा, जयभीम.

मी जाऊन आलो. जसे घडले तसे लिहितो.

सकाळच्या एसटीने आर्वीवरून वर्धा, तिथून सेलू. बंडूजी नव्या घराच्या व्हरांड्यात बसले होते. त्या घराला त्यांनी परदेशातल्यासारखा काचेचा दरवाजा लावला आहे, त्यावर समोरच्या रस्त्याची धूळ बसलेली. म्हणाले, "या मास्तर, कॅनडाची काय खबर?"

मी म्हटले, "तीच सांगायला आलो. तुमचा मुलगा चार पाहुण्यांत माझ्या मुलीला फ्रिजिड म्हणाला."

"म्हणजे काय?"

"तुम्हाला माहीत आहे. त्यानं तुम्हाला फोनवर सांगितलं आहे."

ते पाय हलवत म्हणाले, "इंग्रजी शब्द हाय मास्तर, पोट्टे बोलतात तिकडे. तुमी शिकलेले माणूस, तुमाले एवढं काय लागलं?"

मग मी उभा राहिलो. आयुष्यभर वर्गात उभा राहून बोललो, बसून मला नीट बोलता येत नाही. म्हटले, "मग मराठीत सांगतो. तुमच्या पोरानं माझ्या पोरीच्या अंथरुणातली गोष्ट ताटावर वाढली. तिच्या पोटावर टाके होते तेव्हा तिच्या अंगाशी गेला. तिनं नाही म्हटलं तर तिला अन् तुमच्या नातीला थंडीत ठेवलं. अन् तुम्ही त्याला म्हणालात, आणून टाक. माझी पोर म्हणजे कचऱ्याची पिशवी नव्हे."

विहीणबाई मीराबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. मला वाटले, आता या रडतील किंवा मुलाची बाजू घेतील. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याशी नाही, बंडूजींशी बोलल्या.

"अंकित झाला तेव्हा तुमी मले हेच म्हटलं होतं. ठंडी लाश म्हटलं होतं. तुमच्या भावासमोर. पोट्टा आपल्याच घरात शिकला. शब्द तेवढा तिकडचा हाय."

बंडूजी म्हणाले, "आत जा."

त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. मी त्या घरी अनेकदा गेलो, त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेले पहिल्यांदाच पाहिले. मला म्हणाल्या, "मयुरीले सांगजा, सासू परत बोलवत नाई. फक्त लेकराचा फोटो धाडजो म्हणा."

बंडूजींनी मग समाजाची बैठक बोलावण्याची भाषा केली. मी म्हटले, "बोलवा. हेच सगळं तिथं पुन्हा सांगतो, आवाज माझा मोठा आहे." चहा न घेता निघालो.

आता तुझ्या आरोपाचे. हो, मला माहीत होते. तुझे पत्र वाचले त्याच क्षणी कळले. लिहायला बसलो, पण पोरीच्या नावापुढे तो शब्द माझ्या हाताने लिहिला गेला नाही. वाटले, मी अर्थ सांगितला नाही तर तो घडलाच नाही असे होईल. हा शहाणपणा नव्हता. माझे जानेवारीचे पत्र फाडून टाक.

मयुरीला राहायचे असेल तर राहू दे, यायचे असेल तर घर तिचे आहे. नातेवाइकांना काय सांगायचे ते मी पाहतो. कोणी विचारलेच तर मी खरे सांगतो, मग ते दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

तू एप्रिलमध्ये परत येणार होतीस. त्याचे काय ठरले ते लिही.

श्रावण


विनिपेग,
२४ मार्च २०२५

मयुरीच्या बाबांले जयभीम.

पत्र मयुरीले वाचून दाखवलं. मीराबाईंचं आलं तिथं तिनं मले थांबवलं अन् पुन्हा वाचाले लावलं. लेकराचा फोटो सेलूले टाकला हाय, बंडूजीच्या नाई, त्यांच्या शेजारणीच्या पत्त्यावर.

जानेवारीचं पत्र फाडलं नाई. पोरीसाठी बाप कसा घाबरला होता, ते तिले कधी तरी पाहाले पाह्यजे.

मी एप्रिलमध्ये येत नाई. मयुरी पुढच्या महिन्यात औषधाच्या दुकानातल्या तिच्या कामावर परत जाते, लेकराजवळ कोणी पाह्यजे. वकीलबाई दोन वेळा येऊन गेली. वेगळं राह्याचे कागद झाले. तुमी स्वयंपाकाचं पाहा. भाकर जमत नसेल तर भात खा, पण गोपालच्या खानावळीतून डबा लावू नका, त्याच्या तेलात काय असते ते त्यालेच माहीत.

परवा अंकित आला होता. दुपारची वेळ होती. आमच्या दाराशी वरून पायऱ्या उतरून यावं लागते, तो वरतीच उभा राह्यला, हातात फुलं. मले वाटलं आता ही विरघळते. मयुरीनं कोट घातला, बूट घातले, दार आपल्या मागं लावून घेतलं अन् वरती गेली. मी लेकरू घेऊन खिडकीशी बसली. तिथून फक्त दोघांचे पाय दिसत होते. त्याचे इकडून तिकडे होत होते. तिचे जागेवर.

मले त्याची कीव येईल म्हणून मी वाट पाह्यली. नाई आली.

ती खाली आली, कोट काढला, लेकराले घेतलं. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"सॉरी म्हणाला."

"मंग?"

"मी म्हटलं, मराठीत म्हण."

"म्हणाला?"

"नाई. फुलं पायरीवर ठेवली अन् गाडीत जाऊन बसला."

गाडी बराच वेळ तिथंच उभी होती. इंजिन चालू होतं. मंग गेली.

फुलं अजून वरतीच हायेत. कोणी उचलली नाईत.

भागीरथा